प्रश्न नेमके, स्पष्टीकरणे निसरडी: सीसॅटच्या एका सराव-पुस्तिकेविषयी

राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात, म्हणजे सीसॅटमध्ये, आता ३३ टक्के गुण मिळवून केवळ पात्र ठरायचे असल्यामुळे त्याच्या सराव-पुस्तिका उरकून टाकल्यासारख्या असतात, अशी माझी समजूत होती. एका क्लासने काढलेल्या तर्कक्षमतेच्या पुस्तिकेने ती निम्मी खोटी ठरवली. प्रश्न खरोखरच मेहनतीने रचलेले आहेत. स्पष्टीकरणांविषयी मात्र तसे म्हणवत नाही.

माध्यमांवरील एका प्रश्नात हे ठळकपणे दिसते. वृत्तमाध्यमे नेहमीच्या घटनेसाठी जेवढा पुरावा मागतात तेवढ्यावरच असाधारण दाव्याचीही बातमी देतात, म्हणून असाधारण बातम्यांत खोट्यांचे प्रमाण अधिक असते, असा उताऱ्याचा युक्तिवाद आहे आणि त्यामागील गृहीतक ओळखायचे आहे. 'असाधारण दावे मुळातच क्वचित खरे असतात' हे पुस्तिकेने दिलेले उत्तर बरोबर आहे. पण स्पष्टीकरण टीआरपीच्या हव्यासाकडे वळते आणि दाखला म्हणून २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध प्यायल्याची बातमी देते.

वाहिन्यांवरचा आपला राग समजण्यासारखा आहे. पण उताऱ्यात हेतूविषयी अवाक्षर नाही. वार्ताहर पूर्ण प्रामाणिक असला आणि १०० पैकी ९० वेळा खऱ्याखोट्याची पारख अचूक करत असला, तरी युक्तिवाद टिकतो. नेहमीच्या १,००० दाव्यांपैकी ९०० खरे असतील, तर त्याच्या हातून ८१० खऱ्या आणि १० खोट्या बातम्या जातील. असाधारण १,००० दाव्यांपैकी १०च खरे असतील, तर त्याच चाळणीतून ९ खऱ्या आणि तब्बल ९९ खोट्या बातम्या बाहेर पडतील. ही आकडेमोड मी समजण्यापुरती कल्पिली आहे, परंतु एवढे चार ओळींत सांगता आले असते. शिवाय दुधाचा दाखला स्पष्टीकरणाच्याच विरुद्ध जातो, कारण देवळात उभ्या असलेल्या असंख्य भाविकांनी चमचा रिकामा होताना खरोखरच पाहिला होता. दूध पृष्ठताणामुळे ओढले जाऊन मूर्तीवरून खाली ओघळत होते, एवढेच त्यांच्या ध्यानात आले नाही. खोटे कोणीच बोलत नव्हते.

याचा तोटा परीक्षेतही होतो. 'माध्यमे प्रेक्षकसंख्येसाठी सनसनाटी बातम्या देतात' असा चकवा देणारा पर्याय त्याच प्रश्नात आहे आणि हे स्पष्टीकरण वाचलेला विद्यार्थी पुढच्या वेळी नेमका तोच निवडेल. चुकीचे तीन पर्याय का बाद होतात, हे तर कुठेच सांगितलेले नाही.

कागद आणि छपाई ठीक आहे. ८० प्रश्नांना १२० मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट, असे घड्याळ लावून सराव करण्यासाठी ही पुस्तिका अवश्य घ्यावी; उत्तरतालिकेपुढची पाने मात्र अभ्यासिकेतल्या सोबत्यांशी वाद घालण्यासाठी राखून ठेवावीत.