अमूर्त निसर्गचित्रासाठी शुआन कागद: कच्चा घ्यावा की तुरटीचा?

चिनी शाईने डोंगर, धुकं, पाणी अमूर्तात उतरवणाऱ्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. शुआन हा चिनी शाईच्या चित्रांचा पारंपरिक चिनी कागद. कच्चा म्हणजे वर काहीच न लावलेला, तुरटीचा म्हणजे तुरटी आणि सरस लावलेला. दोन्ही कागद मी वापरले आहेत आणि दोन्ही मला आवडतात.

जलरंगातून आलेल्यांचा हात तुरटीच्या कागदावर लवकर बसतो. तुरटी-सरसाचा थर शाईला वरच्यावर धरतो. त्यामुळे ताव तिरका करून शाई खेळवता येते, त्यात निळा सोडता येतो, वाळल्यावर थरावर थर चढवता येतात. कच्च्यावर तेवढी सवड नाही. कुंचला टेकला की शाई फुटलीच, आणि ओली असताना दाट दिसणारी काळी छटा वाळल्यावर फिकी पडते.

तरी माझा कौल फिरला तो पावसाळ्यामुळे. आपल्याकडच्या दमट हवेत तुरटीचा ताव सादळतो आणि त्याचा थर जागोजागी सुटतो. कोऱ्या तावाकडे बघून काहीही कळत नाही. पातळ शाईचा सपाट हात फिरवला की मोहरीएवढे काळे ठिपके उमटतात, कारण तिथे शाई थेट आत मुरते. फुलापानांच्या चित्रात ते एखाद्या पानाखाली झाकता येतील. अमूर्तात मात्र ती मोकळी, धुकट जागा हेच चित्र असतं! चीनमध्येही जुन्या तुरटीच्या कागदाचा हा दोष परिचित आहे. उलट कच्चा कागद काही वर्षं मुरलेला असेल तर तिथे त्याला जास्त मान.

शिवाय कच्च्या कागदात कागदच चित्रात भाग घेतो. तैवानचे चित्रकार ल्यू ग्वो-सुंग यांनी १९६०च्या दशकात जाड तंतूंचा कागद वापरला. शाई लावून झाल्यावर ते वरचे तंतू ओढून काढत आणि काळ्यात कोऱ्या पांढऱ्या शिरा उरत. डोंगरातल्या बर्फाच्या घळी वाटाव्यात अशा. मला या चित्रपद्धतीत जे हवं आहे, ते बहुधा हेच.

तुम्ही कोरड्या हवेच्या गावी राहत असाल आणि लागेल तसे थोडेच ताव आणत असाल, तर तुरटीचा कागदही उत्तम साथ देईल. कच्चा घेणार असाल तर दुपदरी बघा. एकेरी ताव भरपूर पाणी प्यायला की उचलताना फाटतो.