नदीचा वॉटरप्रूफ टोपो नकाशा: नऊ दिवस वापरून मग लिहितेय

वस्ती नाही, रस्ता नाही अशा नदीवर आम्ही नऊ दिवस कयाकने गेलो होतो, मोबाईलला रेंज असायचा प्रश्नच नव्हता, म्हणून एका छोट्या प्रकाशकाकडून १:५०,००० चा (नकाशावर १ सेंमी म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर) चार शीटचा सेट मागवला.

कागद जबरदस्त आहे. प्लास्टिकसारखा, फाटत नाही, रोज ओल्या हाताने उघडला, मांडीखाली चुरगळला तरी घडीवरची शाई गेली नाही. नदीच्या मधोमध दर किलोमीटरला आकडा छापलाय त्याचा तर फारच उपयोग झाला, "४७ च्या पुढे डाव्या काठाला लागायचं" असं एका वाक्यात ठरायचं.

आता खरा मुद्दा कंटूरचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा. कंटूर नदीला कुठे कुठे कापतो ते मोजत गेलं की उतार कळतो, म्हणजे उंचीत २० मीटरचा फरक असलेले दोन कंटूर नकाशावर ४ सेंमी अंतराने आले तर २ किलोमीटरमध्ये २० मीटर उतार, किलोमीटरला १० मीटर, तिथे खळाळ असणारच हे धरून चालायचं. पण तो उतार सारखा आहे की एकाच जागी उडी आहे हे रेषा सांगत नाहीत आणि आम्ही फसलो ते इथेच. दुसऱ्या शीटवरच्या घळीत रेषा लांब लांब होत्या, पाणी संथ असेल म्हटलं, वळणावर आलो तर पुढून घोंघावल्याचा आवाज. काठाला लागून चालत जाऊन बघितलं तर पाणी चांगलं दोन पुरुष उंचीवरून कोसळत होतं! सामान खांद्यावर घेऊन झाडीतून वळसा घालण्यात अख्खी दुपार गेली.

रात्री कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली. उंचीचा डेटा फेब्रुवारी २००० मध्ये स्पेस शटलवरच्या रडारने घेतलेला, साधारण ३० मीटरला एक ठिपका. अरुंद घळ अशा ठिपक्यात बसतच नाही, कडे आणि तळ यांची सरासरी होऊन बसते, आणि दाट जंगलात रडार जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांच्या आसपासची उंची धरतं. डेटा कुठला ते छापलंय हे चांगलंच, पण अशा घळीवर एक इशाऱ्याची खूण तरी टाकायला हवी होती, इथे माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो.

तरी मोकळ्या खोऱ्यातली बाकीची तीन शीटं अगदी बरोबर निघाली, उपनद्यांची तोंडं जिथल्या तिथे. पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर घळीच्या भागासाठी १० मीटर कंटूरचं, जमिनीवरून किंवा विमानातून सर्व्हे केलेलं शीट वेगळं शोधा, आणि ते असलं तरी आवाज आला की आधी काठाला लागा.