जेट्टी कुठे हवी: अपोलो बंदर की भाऊचा धक्का?

मुंबईच्या गेटवेवरून अलिबागजवळच्या मांडव्याला जाताना आईला मी दोनदा लाँचमध्ये चढवलंय. ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्या, लाटेसरशी वर-खाली होणारी लाँच आणि खलाशाने दंडाला धरून दिलेला हिसका. त्यामुळे नवी जेट्टी हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वाद आहे तो जागेचा.

सरकारने निवडली अपोलो बंदरवरच्या रेडिओ क्लबजवळची जागा, गेटवेपासून जेमतेम 280 मीटरवर. खर्च सुमारे 229 कोटी. पर्यटक गेटवेलाच येतात, त्यामुळे ही जागा सोयीची, हे मान्य. पण तिथला रस्ता अरुंद, शेजारी वारसा इमारती. आणि तो दगडी कठडा! संध्याकाळी त्यावर टेकून कुणीही समुद्र बघावा, खिशात दमडी नसली तरी. हे सगळं जपण्यासाठीच कुलाब्याचे रहिवासी कोर्टात गेले.

भाऊच्या धक्क्याकडची जागा मुंबई बंदराचीच. मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, 2020पासून तिथूनच सुटते. मासळीचा वास, ट्रकची वर्दळ आणि स्टेशनवरून यायची गैरसोय आहे, पण बससेवा वाढवून ती कमी करता येईल. मोठ्या क्रूझ जहाजांचं टर्मिनलही बॅलार्ड पिअरला, बंदराच्याच हद्दीत उभं राहिलं. त्यासाठी कुणाचा फिरायचा किनारा गेला नाही.

माझं मत धक्क्याच्या बाजूने. हायकोर्टाने जुलै 2025मध्ये अपोलो बंदरच्या जेट्टीला हिरवा कंदील दिला, मात्र तिथल्या उपाहारगृहात बसून जेवायची सोय ठेवायची नाही, फक्त पाणी आणि पाकीटबंद खाणं द्यायचं, अशी अट घातली. आता ती अट पाळली जाते का, यावर आपणच डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं.