वर्गातील कृतींसाठी पॉवरपॉइंट : ट्रिगर हाताशी असेल तर

पॉवरपॉइंटची पहिली आवृत्ती १९८७ साली आली. त्याची मूळ घडण भाषण करणाऱ्याच्या सोयीची होती आणि आजही बरीचशी तशीच आहे : एकामागून एक येणाऱ्या स्लाइड आणि त्यांचा क्रम आधीच ठरवून ठेवणारा एकच माणूस. वर्गातील कृतीत मात्र पुढे काय दिसावे हे विद्यार्थ्याच्या उत्तरावरून ठरले पाहिजे. गणित शिकवताना गेली काही वर्षे मी हे सॉफ्टवेअर अशा कृतींसाठी वापरत आहे. या कामासाठी ते मला फार उपयुक्त वाटते, पण त्याचे श्रेय मी त्याच्या आकर्षक दृश्य परिणामांना देत नाही.

ते श्रेय ट्रिगरचे आहे. साधे ॲनिमेशन पडद्यावर कुठेही क्लिक केले तरी ठरलेल्या क्रमानेच चालते. ट्रिगर लावला की ते नेमून दिलेल्या आकारावर क्लिक केल्यावरच चालते. १/२ आणि १/३ यांची बेरीज विचारताना मी पर्यायांमध्ये ५/६ सोबत २/५ मुद्दाम ठेवते, कारण अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारी मुले हमखास तिथे पोहोचतात. तो पर्याय निवडला की फुली उमटत नाही. १/२ ची आणि २/५ ची अशा दोन पट्ट्या एकाखाली एक दिसू लागतात आणि दुसरी पट्टी पहिलीपेक्षा आखूड असते. मिळवलेल्या दोन संख्यांपैकी एकीपेक्षाही बेरीज लहान कशी, हा प्रश्न मग वर्गातूनच येतो. चुकीच्या उत्तराला असे बोलके करता येणे ही या साधनाची मला सर्वांत मोलाची वाटणारी बाजू आहे, आणि त्यासाठी प्रत्येक पर्यायामागची चूक आधी शिक्षकाला नीट ओळखता आली पाहिजे.

हे बांधताना सिलेक्शन पेन (स्लाइडवरील सर्व आकारांची यादी दाखवणारी चौकट) उघडून प्रत्येक आकाराला अर्थपूर्ण नाव द्यावे. तसे केले नाही, तर ट्रिगर निवडण्याच्या यादीत ‘रेक्टँगल १४’, ‘रेक्टँगल १७’ अशी नावे दिसतात आणि दहा-बारा आकारांनंतर कोणता कोणता हे कळेनासे होते. दुसरी खबरदारी याहूनही महत्त्वाची आहे. विद्यार्थ्याचे बोट पर्यायाऐवजी मोकळ्या जागेवर पडले तर पुढची स्लाइड येते आणि उत्तर उघडे पडते. म्हणून ट्रान्झिशन टॅबमधील ‘ऑन माउस क्लिक’ची खूण सर्व स्लाइडसाठी काढून टाकावी आणि पुढे जाण्यासाठी स्वतंत्र बटण ठेवावे.

पाच विषय आणि प्रत्येकी पाच प्रश्न असा प्रश्नमंजूषेचा फलक हायपरलिंकवर उत्तम चालतो, मात्र २५ दुवे जाण्याचे आणि २५ परतण्याचे जोडावे लागतात. इथे दुवा चौकटीला न देता तिच्यातील अक्षरांना द्यावा. वापरलेल्या दुव्याच्या अक्षरांचा रंग बदलतो, त्यामुळे कोणते प्रश्न होऊन गेले हे वेगळे नोंदवावे लागत नाही.

वस्तू ओढून योग्य गटात ठेवण्याच्या कृतींत मात्र पॉवरपॉइंट कमी पडते, कारण स्लाइड शो सुरू असताना मॅक्रोशिवाय, म्हणजे फाइलमध्ये जोडलेल्या छोट्या प्रोग्रामशिवाय, वस्तू हलवता येत नाहीत. अशा कृती संपादनाच्या खिडकीतच कराव्या लागतात आणि तिथे गूगल स्लाइड्स मला अधिक सोयीचे वाटते. गटांचे रकाने चित्र म्हणून पार्श्वभूमीत बसवले की ते जागचे हलत नाहीत, आणि दुव्याच्या शेवटी ‘एडिट’ऐवजी ‘कॉपी’ हा शब्द घातला की प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःची प्रत घेता येते. ट्रिगर मात्र तिथे नाहीत, त्यामुळे वर दिलेली अपूर्णांकांची कृती तशीच्या तशी तिथे करता येत नाही.

एका स्लाइडवरील आकार सरकत-बदलत पुढच्या स्लाइडवरील जागी नेणाऱ्या मॉर्फ ट्रान्झिशनची मोहिनी मोठी आहे. वर्तुळाच्या पाकळ्या उलटसुलट रचून जवळजवळ आयत होताना पाहणे खरोखर सुंदर असते, पण तेवढ्याने मुले प्रेक्षकच राहतात. मी दोन स्लाइडच्या मध्ये थांबते, ‘बी’ कळ दाबून पडदा काळा करते आणि त्या आयताची लांबी-रुंदी किती असेल हे वहीत लिहायला सांगते. परिघाचा अर्धा भाग आणि त्रिज्या ही उत्तरे पुष्कळांना तिथेच सुचतात.

कोणत्या विद्यार्थ्याने काय निवडले याची नोंद पॉवरपॉइंट आपणहून ठेवत नाही, ही उणीव मला सर्वाधिक जाणवते. पडद्यापाशी एक जण येतो आणि बाकीच्यांचे विचार अदृश्य राहतात. म्हणून माझ्या वर्गात क्लिक करण्याआधी प्रत्येकाने आपला पर्याय आणि एका ओळीत कारण वहीत लिहायचे असते. पुढच्या वेळी कोणते चुकीचे पर्याय ठेवायचे हे मी त्या वह्यांमधूनच निवडते.