एडिसनजवळ डुला घ्यायचा विचार असेल तर आमचा अनुभव वाचा

न्यू जर्सीत बाळंतपण आहे आणि डुला घ्यावी की नाही असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय. डुला म्हणजे सुईण नाही हं, ती तपासत नाही, औषध देत नाही, ती कळा सुरू झाल्यापासून सोबत थांबते, कंबर दाबून देते, कसं बसायचं, कुशीवर कसं वळायचं ते सांगते आणि नर्स भराभर बोलून गेली की नीट समजावते. नवऱ्याला हा खर्च उगाच वाटत होता, मग त्याने २०१७ चा कॉक्रेन रिव्ह्यू (बऱ्याच वैद्यकीय अभ्यासांचा एकत्र आढावा) वाचला, १५ हजारांवर बायकांचा डेटा आहे त्यात, अशी सतत सोबत असली तर सिझेरियनचं प्रमाण कमी होतं, तेव्हा पटलं त्याला.

आमची डुला आफ्रिकन-अमेरिकन, त्यामुळे आईचं एकच, हिला आपल्यातलं काय कळणार. पण "तुम्ही इंडियन म्हणजे असंच करत असाल" हे तिच्या तोंडून एकदाही आलं नाही, ती सरळ विचारायची. खोलीत कोण असलेलं चालेल, पुरुष डॉक्टर आला तर काय, ऑपरेशनची वेळ आली तर मंगळसूत्र कोणाकडे द्यायचं, सगळं आधीच लिहून घेतलं. आम्ही व्हेज म्हटल्यावर जेलो नको (प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असतं त्या जेलीत) हेही तिनेच लिहिलं. आणि इथे बाळंतिणीला बर्फाचं पाणी आणून देतात हो! तिने नर्सला आधीच सांगून ठेवलेलं, आईचा ओव्याच्या पाण्याचा थर्मास माझ्या उशाशी होता.

मला सगळ्यात भावलं ते घरी आल्यावरचं. आईला शेक-शेगडी, धुरी सगळं हवं होतं. डुलाने आधी ते कशासाठी करतात ते नीट ऐकलं, मग सांगितलं की बंद अपार्टमेंटमध्ये कोळसा पेटवला तर कार्बन मोनॉक्साइडने जिवावर बेतू शकतं, त्यापेक्षा गरम पाण्याच्या पिशवीने शेक द्या, तेल मालिश जरूर करा. मधाबाबत मात्र ठाम, वर्षाच्या आत अजिबात नाही, बॉट्युलिझमचा (जंतूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका असतो, हवं तर पीडियाट्रिशियनला विचारा म्हणाली. शेवटी आईने सोन्याची अंगठी मध न लावता नुसती बाळाच्या ओठाला टेकवली, आणि खूश होती ती! अळिवाचे लाडू डुलालाही बांधून दिले.

इंग्लिश कच्चं असेल तर दुभाषा मागा, हॉस्पिटलला तो फुकट द्यावाच लागतो, हेही तिच्याकडूनच कळलं.

खटकलं ते पण सांगते. फी बरीच आहे आणि आमच्या इन्शुरन्सने काहीच दिलं नाही (एनजे फॅमिलीकेअर, म्हणजे न्यू जर्सीचा सरकारी आरोग्य विमा, असेल तर २०२१ पासून कव्हर होतं, नक्की चौकशी करा). डिलिव्हरीनंतरच्या व्हिजिट फार कमी, दूध उतरत नव्हतं तेव्हा अजून एखादी हवी होती. बॅकअप डुलाशी तर फक्त झूमवर बोलणं झालं, तुम्ही तिला आधी प्रत्यक्ष भेटायचं ठरवूनच सही करा.