पडवीवरचा आयपी कॅमेरा: एक पावसाळा काढल्यानंतर

दापोलीजवळच्या आमच्या घरी आई-अण्णा दोघंच असतात, म्हणून पडवीच्या कोपऱ्यावर चार मेगापिक्सेलचा हा कॅमेरा बसवला. एक अख्खा पावसाळा गेला, आत पाणी शिरलं नाही. पीओईमुळे वीज आणि डेटा एकाच केबलमधून येतात, त्यामुळे वायरिंगचीही कटकट नाही. कौतुक एवढंच. पुढचं सगळं सेटिंगबद्दल, कारण कंपनीने भरून दिलेले आकडे गावच्या इंटरनेटकडे बघून भरलेले नाहीत.

मेन स्ट्रीम, म्हणजे रेकॉर्डिंगसाठीचं मोठं चित्र, मुळात सेकंदाला २५ फ्रेम आणि ४ एमबीपीएस बिटरेटवर (सेकंदाला किती डेटा, तो आकडा) होती. सलग रेकॉर्डिंग ठेवलं तर दिवसाला ४३ जीबी, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड तीन दिवसही पुरत नाही. आता एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत), १२ फ्रेम, १,५३६ केबीपीएस. दिवसाला साडेसोळा जीबी होतात, आठवडा निघतो. खळ्यात कोण आलं हे कळायला २५ फ्रेम कशाला हव्यात?

फ्रेम कमी केल्या की आय-फ्रेमचं अंतरही बदला, हे कुणी सांगत नाही. पूर्ण चित्र फक्त आय-फ्रेममध्ये असतं, मधल्या फ्रेम नुसता बदल नोंदवतात. अंतर ५० फ्रेमचं ठेवून सेकंदाला फ्रेम १२ केल्या, तर पूर्ण चित्र चार सेकंदांनी एकदा येतं आणि ॲप उघडल्यावर कधी कधी तेवढा वेळ काळा पडदा बघावा लागतो. २४ ठेवा.

खरी परीक्षा पावसाळी रात्रीची. इन्फ्रारेडच्या उजेडात लेन्ससमोरचा प्रत्येक थेंब पांढरी रेघ होऊन चमकतो, त्यात किडे. व्हिडिओ दाबणाऱ्या एन्कोडरला वाटतं सगळं चित्रच हलतंय. व्हेरिएबल (गरजेप्रमाणे बदलणाऱ्या) बिटरेटला कमाल मर्यादा नसेल तर आकडा वर जातो, मर्यादा असेल तर माडाच्या झावळ्या भिजलेल्या गोधडीसारख्या दिसतात. आम्ही कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड बंद केला आणि चार हात बाजूला साधा एलईडी दिवा लावला. चित्र लगेच सुधारलं, पण त्यावर आडवे पट्टे सरकू लागले. आपली वीज ५० हर्ट्झची, कॅमेऱ्यातलं सेटिंग ६०वर. ते बदलल्यावर पट्टे गेले.

मोबाइलवर ठाण्याहून बघतो ती सब-स्ट्रीम, म्हणजे त्याच कॅमेऱ्याचं लहान, हलकं चित्र: ६४० बाय ३६०, ३०० केबीपीएसच्या आसपास. ती मुद्दाम जुन्या एच.२६४वर ठेवली आहे, एच.२६५ प्रत्येक ब्राउझर दाखवेलच असं नाही. लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये आरटीएसपीने (कॅमेऱ्याचं थेट चित्र मागवायची पद्धत) चित्र उघडतो तेव्हा ते फाटायचं. व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये टीसीपी (हरवलेला डेटा पुन्हा मागवणारी पद्धत) निवडल्यापासून ठीक आहे.

आवाजाचा घोळ जास्त. मेन आणि सब, दोन्ही स्ट्रीमना ‘व्हिडिओ आणि ऑडिओ’ वेगवेगळं निवडावं लागतं, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये आवाज आणि मोबाइलवर शांतता. कोडेक, म्हणजे आवाज साठवायची पद्धत, जी.७११ होता. ८ किलोहर्ट्झ, ६४ केबीपीएस, बोलणं समजायला पुरेसा. पण क्लिप एमपी४मध्ये काढायला गेलं की आवाज गायब, कारण तो त्या फाइलमध्ये धड बसत नाही. कोडेक एएसी केला, प्रश्न मिटला. पडवीच्या पत्र्यावर सर लागली की मात्र माइकचं काही चालत नाही. नॉइज फिल्टर लावला तर पावसाबरोबर अण्णांचा आवाजही खातो, म्हणून तो बंद आणि माइकची पातळी निम्म्यावर. आवाज टिपला जातो हे कामाला येणाऱ्या मंडळींना आधीच सांगून ठेवलंय.

सपोर्टवाल्यांनी फोनवर राउटरमधून ५५४ पोर्ट, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून थेट आरटीएसपीपर्यंत यायचं दार, उघडायला सांगितला होता. अजिबात करू नका, बाहेरून बघायला व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खासगी रस्ता) वापरा. आणि फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट करण्याआधी सेटिंगच्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आमच्याकडे अपडेटनंतर ऑडिओ परत जी.७११वर गेला होता, आणि ते कळलं थेट गणपतीतल्या आरतीची क्लिप काढताना.