‘एकही बदल न झालेला’ गांबा आणि माझे 18,400 पौंड

लंडनच्या एका व्यापाऱ्याने ‘बराक नॉर्मन, 1718, एकही बदल न झालेला’ (म्हणजे नॉर्मन या वाद्य-कारागिराने 1718 मध्ये बनवलेला) असे सांगून मला जो व्हायोला दा गांबा, हे चेलोसारखे गजाने वाजवायचे जुने वाद्य, 18,400 पौंडांना विकला, त्याची फक्त पाठ जुनी आहे. तबली, दांडी आणि खुंट्यांची पेटी नंतर कोणीतरी बसवलेली आहे.

या सहा तारांच्या खर्जाच्या वाद्याचे चलन ओसरून चेलोला मागणी आली, तेव्हा सेंट पॉल्स चर्चयार्डात दुकान असलेल्या नॉर्मनचे कितीतरी गांबे कापूनकुपून चेलो करण्यात आले. त्यांचे उतरते खांदे गोल झाले, दांडी बदलली, आतड्याचे पडदे गेले आणि सहाच्या चार तारा झाल्या. विसाव्या शतकात जुन्या संगीताची आवड परतल्यावर त्याच चेलोंचे पुन्हा गांबे होऊ लागले. त्यात गैर काही नाही. मात्र अशा वाद्याची किंमत बरीच कमी असते आणि हे ठाऊक असल्यामुळेच मी ‘बदल न झालेला’ या शब्दांचे पैसे मोजले.

खुंट्यांची भोके पाहिली तेव्हाच मी उठून बाहेर पडायला हवे होते. तीन शतके खुंट्या पिळल्या गेल्या की भोके रुंदावतात, मग ती बुजवून नव्याने पाडावी लागतात; इथे सहाही भोके कालच पाडल्यासारखी गोल होती आणि बुजवल्याची खूण एकाही ठिकाणी नव्हती. मी विचारले, तेव्हा ‘एका घराण्यात नुसते जपून ठेवलेले होते,’ असे उत्तर आले. मी वर्षानुवर्षे चेलो वाजवतो, मला वाद्य कळत नाही असे कोणी म्हणू नये; पण दुकानातल्या मंद पिवळ्या दिव्यात, नॉर्मनच्या नावाची चिठ्ठी आत चिकटवलेली दिसत असताना, कोणाची नजर भोकांवर ठरते? चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका, ती कोणीही छापतो.

पुढे 390 पौंड देऊन एका वाद्य-कारागिराकडून तबलीच्या लाकडाची वलये तपासून घेतली. सर्वांत बाहेरचे वलय 1804 सालचे निघाले. म्हणजे 1718 मध्ये ते झाड उभेच होते! खांद्यांजवळ कडेची नक्षी तुटून पुन्हा जोडलेली आहे, हे त्या कारागिराने आत आरसा न घालताच दाखवले. ही तपासणी पैसे देण्यापूर्वी करा आणि कारागीर स्वतः निवडा, विक्रेत्याने सुचवलेला नको.

पावतीवर त्या व्यापाऱ्याने ‘जुने सहातारी वाद्य’ एवढेच लिहिले होते. जाहिरातीतला प्रत्येक शब्द पावतीवर उतरवून घ्या.

पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली, तर ‘हा तज्ज्ञांमधील मतभेद असून दिवाणी बाब आहे’ असे ठरावीक उत्तर आले. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयाने पोलिसांकडे जायला सांगितले. पोलिसांचेच उत्तर जोडून पुन्हा लिहिले, तर तक्रार बंद केल्याची सूचना मिळाली, कारण न देता. व्यापाऱ्यांच्या संघटनेने कळवले की हा विक्रेता आमचा सभासद नाही. जणू सभासद नसलेल्याने फसवले तर ती फसवणूकच नव्हे. लाकडाची वलये हे मत नव्हे, एवढे समजणारा एकही अधिकारी मला भेटला नाही.

छोट्या दाव्यांची सोपी वाट इंग्लंडमध्ये 10,000 पौंडांपर्यंतच आहे. त्याहून मोठा दावा असेल तर दाव्याच्या 5 टक्के शुल्क आधी भरावे लागते, म्हणजे माझ्या बाबतीत 920 पौंड, वकील वेगळा. 2,000 पौंडांची अनामत क्रेडिट कार्डाने दिली असती, तर 30,000 पौंडांपर्यंतच्या खरेदीत कार्ड कंपनीलाही जबाबदार धरता आले असते. व्यापाऱ्याने कार्ड घेतलेच नाही, ‘बँकेतून पाठवा’ म्हणाला. कारागिराने आजची किंमत 5,500 पौंड सांगितली आहे आणि व्यापारी वाद्य परत घ्यायला तयार नाही.